सोसणे आणि बरे होणे

दुखणे निमूटपणे सोसणे हा आपल्या घरांतून फार मोठा गुण मानला जातो. मुलाचा गुडघा फुटला, तर 'शूर ना तू? मग रडायचे नाही,' असे आपण त्यास सांगतो. एखादी बाळंतीण हूं की चूं न करता मोकळी झाली, तर तिचे कौतुक पुढे वीस वर्षे हळदीकुंकवाच्या बैठकीत निघते. ह्या गुणाची थोरवी कमी लेखण्याचा आमचा मुळीच मानस नाही. ज्या काळी दुखण्यावर उपायच नव्हता, त्या काळी सोसणे हाच एक उपाय होता, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो पुरेपूर करून दाखविला. परंतु ज्या दुखण्यावर उपाय आहे, आणि जे सोसल्याने पुण्य तर लागत नाहीच, उलट बरे होणेच लांबते, तेथेही हाच गुण चालवावयाचा काय? हा प्रश्न गेल्या वर्षी घरच्याच एका प्रसंगाने आमच्यापुढे उभा केला, म्हणून त्यासंबंधी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान काही वर्षे यकृताच्या विकाराने आजारी होते. औषधांची धाव संपली, तेव्हा दुसऱ्याचे यकृत बसविण्यावाचून मार्ग नाही असे डॉक्टरांनी सांगितले. आपल्या देशात असे यशस्वी यकृतारोपण प्रथम १९९८ साली दिल्लीस झाले. पाश्चात्य देशांत ह्या कामी बहुधा मृत व्यक्तीचे यकृत मिळते. आपल्याकडे मरणोत्तर दान अजून थोडे असल्यामुळे बहुतेक वेळा घरातीलच कोणी जिवंतपणी आपल्या यकृताचा भाग देतो. १९९४ च्या कायद्याप्रमाणे नवरा, बायको, आईबाप, मुले आणि भावंडे ह्यांस जवळचे नातलग म्हणून असे दान करता येते; २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजीआजोबा व नातवंडे ह्यांची भर पडली. यकृताचा विशेष असा की, निरोगी माणसाचा उजवा भाग, म्हणजे एकंदर यकृताचा सुमारे साठ टक्के हिस्सा, काढून घेतला तरी उरलेला भाग वाढू लागतो आणि काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीच्या आकारास येतो. निसर्गाची ही उदारता नसती, तर हे दानच अशक्य होते.

बहिणीचा रक्तगट जुळला, तपासण्या उत्तम आल्या, आणि तिने होकार देण्यास क्षणाचाही विलंब लावला नाही. मग काय विचारता! आप्तेष्टांची रीघ लागली, आणि येईल तो 'साक्षात सावित्री!' असे म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला. बोलणाऱ्यांच्या मनात प्रेमच होते ह्यात शंका नाही. तथापि आमच्या मनात त्या वेळी एक विचार आल्यावाचून राहिला नाही. सावित्रीच्या कथेत अरण्य आहे, यमाशी संवाद आहे, वर मागणे आहे. पण सावित्रीस कोठे दुखले-खुपले, असे कथेकरीबुवा सांगत नाहीत. आमच्या बहिणीस मात्र दुखणार होते. रोगी माणूस शस्त्रक्रियेस जातो तो दुःखातून सुटावे म्हणून. दाता धडधाकट अंगाने चालत जातो आणि दुसऱ्याकरिता दुखणे पत्करतो. तेव्हा ते दुखणे होईल तितके हलके करणे हे इतरांनी फेडावयाचे ऋणच होय.

हे दुखणे लहान नसते. यकृत उजव्या फासळ्यांच्या आड दडून बसलेले असते. काही ठिकाणी आता हे काम दुर्बिणीतूनही होते. परंतु उघड्या शस्त्रक्रियेत फासळ्यांच्या कडेखालून वळत जाणारा, वीतभराहून लांब असा छेद घ्यावा लागतो, आणि फासळ्या काही तास वर ओढून धरून ठेवाव्या लागतात. पोटाचे हे स्नायू आपण दर श्वासाला हालवीत असतो. हात मोडला तर तो झोळीत ठेवता येतो. श्वास झोळीत कसा ठेवणार? म्हणून दुखणारा माणूस नकळत एक युक्ती करतो: तो श्वास वरच्यावर घेतो, खोकला दाबतो आणि कूस वळत नाही. ही युक्तीच त्याचा घात करते. फुप्फुसाचा तळ उघडेनासा होतो, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनियाचे भय उत्पन्न होते. अंथरुणात पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो तो निराळाच. सारांश, अशा रोग्याचे बरे होणे पुष्कळसे एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते: त्यास पोटभर श्वास घेता येतो की नाही, आणि मनमोकळे खोकता येते की नाही.

'मग मॉर्फिन द्यावे,' असे कोणी म्हणेल. मॉर्फिन हे थोर औषध खरे. पण ते दुखण्याबरोबर श्वासालाही मंद करते, मळमळ आणते, आतडी सुस्त करते आणि रोग्यास गुंगीत ठेवते. शिवाय त्याचा निचरा करण्याचे काम प्रामुख्याने यकृताचे. आणि येथे तर यकृतच अर्ध्याहून कमी उरलेले! पॅरासिटामॉलसारख्या घरोघरच्या गोळीचेही प्रमाण अशा वेळी डॉक्टर जपून ठरवितात. म्हणून जे औषध साऱ्या शरीरभर न फिरता नेमक्या दुखऱ्या जागी काम करील, त्याची येथे विशेष गरज असते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बहिणीच्या खोलीत आल्या. मध्यम वयाच्या, शांत बोलणाऱ्या. आमच्या बहिणीच्या सासूबाई तेथेच बसल्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पाठीत सुई टोचणार का हो? आमच्या शेजारणीची कंबर तेव्हापासून दुखते आहे." बाई हसल्या नाहीत, की त्यांनी तो प्रश्न उडवूनही लावला नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या सूनबाईंना पाठीतली नळी मी घालणार नाही. पण कारण तुम्ही म्हणता ते नव्हे." त्यांनी जे समजावून सांगितले, आणि नंतर आम्ही जिज्ञासेने जे वाचले, त्याचे सार असे आहे.

पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडून पोट व छाती बधिर करण्याची रीत स्पेनमधील फिदेल पाजेस ह्या लष्करी शस्त्रवैद्याने १९२१ साली प्रसिद्ध केली. बिचारा दोनच वर्षांनी, १९२३ साली, वारला. पण त्याची रीत 'एपिड्यूरल' ह्या नावाने जगभर रूढ झाली, आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वेदना थांबविण्याचे तिचे सामर्थ्य आजही वादातीत आहे. मग यकृताच्या बाबतीत अडचण कोणती? तर रक्त गोठविणारी द्रव्ये यकृतातच तयार होतात. यकृताचा मोठा भाग काढल्यावर पहिले काही दिवस ही द्रव्ये कमी पडतात, आणि रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट ह्यांची संख्याही उतरते. अशा वेळी कण्यातील नळी काढताना आत थोडा जरी रक्तस्राव झाला, तरी त्या अरुंद जागेत गाठ होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. असे क्वचितच घडते. पण घडले तर पाय लुळे पडण्याची भीती असते. म्हणून रक्त पूर्वपदावर येईपर्यंत नळी तशीच ठेवून वाट पाहावी लागते. त्यातच एपिड्यूरलने रक्तदाब उतरतो, आणि उठून चालण्यास अडथळा होतो. ह्या सर्व गोष्टींचा विचार करून, यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर रोगी लवकर कसा बरा करावा ह्याविषयी २०१६ साली 'इरास सोसायटी'ने जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात उघड्या शस्त्रक्रियेसाठी एपिड्यूरल सरसकट देऊ नये असे सांगितले आहे. आजही पुष्कळ कुशल डॉक्टर निवडक रोग्यांस ती देतात, आणि त्यांचा अनुभव चांगला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरा मार्ग असा. पोटाच्या भिंतीस संवेदना देणारे मज्जातंतू कण्यातून निघतात, फासळ्यांखालून धावतात आणि पोटाच्या बाजूस आले म्हणजे स्नायूंच्या दोन थरांमधून पुढे जातात. पोटाच्या बाजूस स्नायूंचे तीन थर आहेत. त्यांपैकी आतल्या दोहोंच्या मध्ये हे तंतू असतात. भाकरीच्या पापुद्र्यात तूप सोडावे त्याप्रमाणे त्या दोन थरांच्या मध्ये बधिर करणारे औषध सोडले, की ते पसरत जाऊन तेथील सर्व तंतूंस गाठते आणि वेदनेची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ह्यालाच इस्पितळात 'ब्लॉक' असे सुटसुटीत नाव आहे. ह्या थराचा असा उपयोग रफी ह्या डॉक्टरांनी २००१ साली वर्णिला. पुढे सोनोग्राफीची जोड मिळाली, आणि फासळ्यांच्या कडेलगत औषध सोडून वरच्या पोटाचा भाग बधिर करण्याची रीतही निघाली. २०१६ साली कॅनडातील मॉरिसिओ फोरेरो व त्यांचे सहकारी ह्यांनी पाठीच्या उभ्या स्नायूंखाली औषध सोडण्याची आणखी एक रीत सांगितली. तीत सुई पाठीत जाते खरी, पण मज्जारज्जूपासून दूर, मणक्याच्या बाजूच्या हाडापाशीच थांबते.

ह्या औषधांची कुळकथाही मनोरंजक आहे. १८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर ह्या तरुण डॉक्टरास असे आढळले की, कोका वनस्पतीच्या पानांतून निघणाऱ्या कोकेनचा थेंब डोळ्यात टाकला असता डोळा बधिर होतो. त्याच सुमारास अमेरिकेत हाल्स्टेड ह्या शस्त्रवैद्याने कोकेन टोचून मज्जातंतू बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर व सहकाऱ्यांवर केले, आणि त्यापायी तो त्या द्रव्याच्या व्यसनात सापडला. पुढे व्यसन न लावणारी औषधे निघाली. लिडोकेन, बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही त्यांचीच नावे. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमचे कण आत येण्याची जी सूक्ष्म द्वारे असतात, ती ही औषधे काही तास बंद करून ठेवतात, आणि मग पुन्हा उघडतात. तंतूंस त्यामुळे सहसा अपाय होत नाही.

तथापि हे औषधही निर्धोक समजू नये. त्याचे प्रमाण रक्तात वाढले तर कानात आवाज येतो, जिभेवर धातूची चव येते, झटके येतात आणि हृदयाची लयही बिघडते. त्याचाही निचरा यकृतच करते. म्हणून यकृत कापलेल्या रोग्यास ते मोजून-मापून द्यावे लागते. त्यावरील उतारा मोठा विलक्षण आहे. ज्यांस तोंडाने अन्न घेता येत नाही, त्यांस शिरेतून देतात ते सोयाबीनच्या तेलाचे दुधाळ मिश्रण हाच तो उतारा! अमेरिकेतील वाइनबर्ग ह्यांनी १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांतून त्याचा गुण दाखविला, आणि २००६ साली त्याने एका मनुष्याचे प्राण वाचल्याचे प्रसिद्ध झाले. जेथे ब्लॉक दिले जातात, तेथे ही बाटली हाताशी ठेवण्याची पद्धत आहे.

हे सर्व ऐकून आमची बहीण म्हणाली, "बाई, मी सोसीन हो. तुम्ही त्यांच्याकडे लक्ष द्या." त्यावर डॉक्टरीणबाईंनी दिलेले उत्तर आमच्या मनावर कोरले गेले आहे. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही किती सोसता ते मला पाहायचे नाही. तुम्ही किती खोकता ते मी पाहणार आहे."

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. संपताच, बहीण भुलेखाली असतानाच, फासळ्यांच्या कडेने दोन्ही बाजूंस औषध सोडून दोन बारीक नळ्या ठेवण्यात आल्या. कारण एकदा टोचलेले औषध काही तासांतच उतरते, आणि दुखणे तर दोन-तीन दिवस जोरात असते. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटावयास गेलो तो ती उशीला टेकून बसली होती, आणि श्वासाने तीन गोळ्या वर ओढावयाचे जे यंत्र मिळते, त्यातील दोन गोळ्या ती सहज उचलीत होती. उजवा खांदा मात्र दुखतो म्हणाली. पोटाची शस्त्रक्रिया आणि खांदा दुखतो, ह्याचे आम्हांस नवल वाटले. त्याचे कारण असे सांगण्यात आले की, यकृतावरील श्वासपटलाची संवेदना वाहणारा तंतू मानेतून येतो, आणि खांद्याची संवेदनाही मानेतल्या त्याच भागात जाते; म्हणून मेंदूची फसगत होते. हे दुखणे, तसेच पोटाच्या आतील खोल दुखणे, पोटाच्या भिंतीतील ब्लॉकने जात नाही. त्याकरिता इतर औषधे थोडी थोडी द्यावीच लागतात. ब्लॉकमुळे मॉर्फिन अजिबात सुटते असे नव्हे. पुष्कळदा ते थोडक्यात भागते, इतकेच.

खरा प्रसंग आला तो त्या रात्री. परिचारिका दर काही तासांनी येऊन 'शून्य ते दहात दुखणे किती?' असे विचारी, आणि बहीण दर वेळी 'दोन' म्हणून सांगे. कागदावर सर्व ठीक होते. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आकड्यांकडे एकदा पाहिले आणि ते यंत्र तिच्या हाती दिले. काल दोन गोळ्या उचलणारी आज एकही धड उचलीना! खोकावयास सांगितले, तर तिने नुसते घसा खाकरल्यासारखे केले. "ताई, तुम्ही दोन सांगता, ही गोळी मात्र आठ सांगते आहे," असे म्हणून बाईंनी बर्फाचा खडा मागविला आणि तो पोटाच्या दोन्ही बाजूंस लावून पाहिला. डावीकडे गारवा लागत नव्हता. उजवीकडे चांगला लागत होता. उजवीकडची नळी जागची सरकली होती. रक्ताचा सकाळचा अहवाल पाहून त्यांनी सोनोग्राफीच्या साह्याने ती पुन्हा बसविली, आणि अर्ध्या तासाने दोन गोळ्या पुन्हा वर गेल्या.

"रात्री का नाही सांगितलेस?" आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "दादा, पलीकडच्या खोलीत ते एवढ्या दिव्यातून चालले आहेत, मी काय टाक्यांचे रडगाणे गाऊ? आणि सगळे सावित्री म्हणतात; सावित्री कण्हताना बरी दिसेल का?" असे म्हणून ती हसू लागली, आणि हसताना टाक्यांत कळ आली म्हणून थांबली. आम्हांस हसू आले नाही. जी उपाधी आम्ही सर्वांनी मोठ्या प्रेमाने तिला दिली होती, तिनेच रात्रभर तिचे तोंड बंद ठेविले होते. एक रात्र श्वास आखडला, तेवढ्यावर निभावले. असे दोन-तीन दिवस गेले असते, तर त्याचे पर्यवसान कशात झाले असते हे सांगावयास नको.

सासूबाई हे सारे ऐकत होत्या. त्या जुन्या वळणाच्या. 'बाईच्या जातीला एवढे सोसलेच पाहिजे' हे त्यांचे नेहमीचे वाक्य. त्या दिवशी परिचारिकेने त्यांस खोकताना जखमेवर उशी घट्ट दाबून धरावयाची कशी, ते शिकविले. पुढचे चार दिवस ती उशी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती म्हणून दिली नाही. सून खोकण्याचा कंटाळा करू लागली, की त्या दटावीत, "खोक म्हणते ना! आणि दुखत असेल तर तसे सांग, उगीच दात आवळून बसू नकोस." तिसऱ्या दिवशी बहीण हळूहळू चालत पलीकडच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि काचेतून यजमानांस पाहून आली. आज उभयतांची प्रकृती ठीक आहे.

ह्या अनुभवावरून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. घरातील कोणाची अशी मोठी शस्त्रक्रिया ठरली, म्हणजे आपण शस्त्रवैद्याचे नाव, खर्च आणि मुहूर्तसुद्धा चौकशी करून ठरवितो; पण भूल देणाऱ्या डॉक्टरांस एक शब्द विचारीत नाही. त्यांस अवश्य भेटावे. शुद्धीवर आल्यावर दुखण्याची तजवीज काय, ब्लॉक देता येण्याजोगा आहे काय, नसल्यास का नाही, आणि रात्री औषध उतरले तर कोणास बोलवावयाचे, हे चार प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. कोणता उपाय करावयाचा हे अर्थातच त्यांनी रोग्याचे रक्त, वय आणि छेद पाहून ठरवावे. शस्त्रक्रियेनंतर रोग्याजवळ बसाल, तेव्हा नुसते 'दुखते का?' असे विचारू नये. त्याचे उत्तर आपल्या घरांत 'नाही' असेच यावयाचे. खोल श्वास घेऊन दाखव, खोकून दाखव, कूस वळून दाखव, असे म्हणावे. म्हणजे खरे उत्तर मिळेल.

राहता राहिली सोसण्याची गोष्ट. दात्याने यकृताचा भाग देऊ केला, त्याच क्षणी त्याचे सोसणे सिद्ध झाले. त्यापुढे त्याने दुखणे लपविल्याने दानाची किंमत कवडीनेही वाढत नाही. त्याच्याकडून आता एकच अपेक्षा करावयाची: त्याने पोटभर श्वास घ्यावा, आणि दुखेल तेव्हा मोकळ्या तोंडाने तसे सांगावे.